भिंतीवरचा चौदा नंबर

१

काचेच्या कुपीत एक निळा तंतू होता. लांबी पंचवीस मिलिमीटर. एक टोक बोथट, दुसरे तुटके. दहा महिन्यांच्या एका मुलीच्या घशातून तो शस्त्रक्रिया करून काढला होता. फळांच्या गराच्या तिसऱ्या की चौथ्या चमच्याबरोबर तो आत गेला, रुतला, आणि भोवती सूज धरून बसला. मुलगी वाचली. ‘वाचली’ या शब्दाने पुष्कळ लोकांचे समाधान होते. माझे झाले नाही. तिच्या नाकात अजून नळी होती.

कुपी तिच्या आईच्या मुठीत होती.

“कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली,” ती म्हणाली. “तपासायला द्या, तपासायला द्या. मी म्हटलं, फोटो काढा आणि चालते व्हा. तुम्हाला देते. पण मला परत हवी.”

“कशाला?”

“ज्यानं हे केलं त्याच्यासमोर ठेवायचीय. बोलणार काही नाही. नुसती ठेवायचीय.”

मी तिला पावती लिहून दिली. अन्नाच्या कारखान्यांतली दूषितता कुठून आली हे शोधणे माझे काम आहे. रागाच्या भरात तपास केला तर मोजमाप चुकते, असे मी हाताखालच्या लोकांना शिकवत आले. त्या दिवशी मी रागावलेली होते, म्हणून प्रत्येक मोजमाप दोनदा घेतले.

कारखान्यात पोहोचले तेव्हा अकरा वाजले होते. संचालकांच्या टेबलावर चहा तयार होता आणि अहवालही तयार होता. फक्त माझी सही राहिली होती.

“दोषी सापडलीय,” संचालक म्हणाले. “धुण्याच्या विभागातली बाई. ब्रशचा गुच्छ निखळला, तिनं कळवलं नाही. तो ब्रश आमच्या ताब्यात आहे. चार वाजता तक्रार पोलिसांकडे जाईल. तुमची सही जोडली की झालं.”

“तिनं कबूल केलं?”

“ती म्हणते, तो ब्रश मी वापरलाच नाही. आता बोला. चौदा नंबरचा ब्रश, चौदा नंबरची बाई. कुणी वापरला, भुतानं?”

भुतांचा उपद्रव असलेला कारखाना मी अद्याप पाहिलेला नाही. मी म्हटले, “बाईंना भेटते. मग सही.”

२

धुण्याच्या विभागाची भिंत पाहण्यासारखी होती, आणि ती पाहण्यासाठीच केलेली होती. पांढऱ्या फळ्यावर सोळा ब्रशांच्या आकृत्या रंगवलेल्या. प्रत्येक आकृतीवर खिळा, खिळ्यावर त्याच आकाराचा निळा ब्रश, खाली क्रमांक. निळा म्हणजे अन्नाला लागणाऱ्या भांड्यांचा. फरशीचे लाल ब्रश पलीकडे, वेगळ्या खोलीत. एखादा ब्रश जागेवर नसला की त्याची आकृती उघडी पडते आणि दुरूनही दिसते. पद्धत उत्तम आहे. चौदाव्या खिळ्यावर आज काही नव्हते.

मला ही भिंत दाखवत होते गुणवत्ता प्रमुख. कारखान्यात त्यांना सगळे नुसते ‘साहेब’ म्हणत. पांढरा कोट, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणे स्वच्छ.

“आठ महिन्यांत एकही ब्रश बदलावा लागला नाही,” ते म्हणाले. “शिस्त. परिषदेत मी यावर निबंध वाचला. प्रमाणपत्र बाहेर लावलंय.”

“एकही नाही?”

“शून्य.”

शून्य हा आकडा प्रत्यक्षात क्वचित आढळतो. कागदावर तो मुबलक असतो. गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा यांत रोज दोन पाळ्या घासणारा ब्रश सहा ते आठ आठवड्यांत वाकतो. त्याला शिस्त कळत नाही.

“हे कसं साधलं?”

त्यांनी शेजारच्या काचेच्या पेटीकडे बोट दाखवले. आत एक सूचना होती: नवा ब्रश मागणाऱ्याने जुना का झिजला याचे लेखी स्पष्टीकरण द्यावे, अशा व्यक्तीचे नाव ‘निष्काळजी वापर’ या मथळ्याखाली लावले जाईल, तीनदा नाव लागल्यास पाळीवरून कमी केले जाईल. खाली साहेबांची सही. तिच्याखाली नावांची जागा. तिथे एकच नाव होते, आठ महिन्यांपूर्वीचे, शाई उडालेली.

“हे कुणाचं?”

“तिचंच,” साहेब म्हणाले. “चौदा नंबर. बघा, सवय जुनी आहे.”

एक वाजला. भोंगा झाला, बायका जेवायला निघाल्या, आणि साहेब हातात तक्ता घेऊन भिंतीसमोरून चालू लागले. एक ते सोळा, प्रत्येक ब्रशापुढे बरोबरची खूण. चौदापुढे फुली.

“रोज याच वेळी तपासता?”

“रोज. घड्याळ लावून घ्यावं.”

“आणि टाक्या घासताना कधी बघता?”

“त्याची गरजच काय? ब्रश चांगला असेल तर टाकी स्वच्छच निघणार.”

मी वहीत काही लिहिले नाही. लिहिले असते तर कागद फाटला असता.

३

चौदा नंबरची बाई मला बायकांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत भेटली. वय पंचावन्नच्या पुढे, दंड गवंड्यासारखे, बोटांची कातडी सोड्याने पांढरी पडलेली. सगळ्या तिला मावशी म्हणत होत्या. शेजारी तिची सून बसली होती. तीही याच पाळीत, नंबर नऊ. दोघींचे डबे उघडलेले नव्हते.

“या, बसा,” मावशी म्हणाली. “सही करायला आलात ना? मग जेवून घ्या आधी. रिकाम्या पोटी पाप करू नये.”

“आई!” सून म्हणाली.

“आई काय? त्या काही तुझ्या नणंद नव्हेत लाजायला.”

“मावशी, मी अजून सही केलेली नाही,” मी म्हटले. “तुम्ही म्हणालात, तो ब्रश वापरलाच नाही.”

“नाही वापरला.”

“मग टाक्या कशानं घासता?”

ती गप्प झाली. सुनेने मान खाली घातली. खोलीत आणखी दहा-बारा बायका होत्या; त्यांचे चघळणेही थांबले. दोषी माणूस गप्प बसतो तेव्हा एकटा असतो, असा माझा अनुभव आहे. इथे खोलीच गप्प होती.

“मावशी, चार वाजता तक्रार जाणार आहे. तुमच्या नावानं.”

“जाऊ दे. माझं वय झालं. हिला अजून दोन लेकरं वाढवायचीत.”

“हिचा काय संबंध?”

“काही नाही. तुम्ही जा.”

मी उठले. भिंतीवर ओळीने आकड्यांना जेवणाच्या पिशव्या टांगल्या होत्या. जाताना माझा हात एका पिशवीला लागला. तळ ओला होता. दुसरीचाही. पिशव्यांखाली फरशीवर थेंबांची सरळ रांग होती. कुणाचे जेवण सांडले असेल असे मला प्रथम वाटले, पण एकाच वेळी सोळा डबे सांडत नाहीत.

मी बोट टेकवून वास घेतला. क्लोरीन.

४

भांडार तळघरात होते. भांडारी किरकोळ अंगाचा, कानावर पेन्सिल, समोर जाड नोंदवही. माझा पहिला संशय त्याच्यावर होता, हे कबूल करते. चांगला माल कागदावर आणि हलका माल हातात, हे मी अनेक कारखान्यांत पाहिले आहे.

“ब्रश दाखवा,” मी म्हटले.

“कुठला?”

“सगळे.”

त्याने लोखंडी कपाट उघडले. आत चाळीस निळे ब्रश, मूळ पाकिटांत, मोहोर न फोडलेले. वरच्या पाकिटांवर धूळ. मी एक फोडून भिंगाखाली धरला: उत्तम पॉलिएस्टर, गुच्छ पक्के, खोट काढायला जागा नाही.

“हे वाटत का नाही?”

“मागायला कोण येतंय बाई?” तो चिडून म्हणाला. “मी काय टोपलीत घालून दारोदार विकू? आठ महिन्यांपूर्वी मावशी आली होती. तिला दिला. दुसऱ्या दिवशी तिचं नाव पेटीत. तेव्हापासून या खिडकीवर कुणी फिरकलं नाही. मी साहेबांना दोनदा सांगितलं, ब्रश पडून आहेत. म्हणाले, अभिनंदन.”

“जुना ब्रश परत घेण्याची काय रीत?”

“जुना आणायचा, मी दांडा करवतीनं कापायचा, मग नवा द्यायचा. कापलेला पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. करवत बघा, गंज चढलाय.”

चोर सापडण्याऐवजी गंजलेली करवत सापडली. माझी पहिली उपपत्ती मोडली. आनंद झाला नाही, पण अडचण स्पष्ट झाली. भिंतीवरचे सोळा ब्रश आठ महिने जुने. तेव्हापासून भांडारातून एकही बाहेर पडलेला नाही. टाक्या मात्र रोज धुतल्या जात होत्या.

“चौदा नंबर कुठे ठेवलाय?”

“साहेबांच्या कपाटात. किल्ली संचालकांकडे.”

५

पुराव्याचा ब्रश पारदर्शक पिशवीत होता. मी संचालकांच्या समोरच तो काढला आणि खिडकीपाशी नेला.

मधल्या ओळीत एक गुच्छ नव्हता. तिथे रिकामे भोक होते. बाकीचे सारे तंतू इस्त्री केल्यासारखे ताठ. दांड्याच्या भोकात, जिथे खिळा जातो, तिथे पांढऱ्या रंगाची पापडी आणि धूळ. रोज दोनदा खिळ्यावरून निघणाऱ्या ब्रशाच्या भोकात धूळ टिकत नाही.

“हा ब्रश कधी भिजलेला नाही,” मी म्हटले.

“असं कसं म्हणता?” संचालक म्हणाले. “गुच्छ पडलाय ना डोळ्यांसमोर!”

“एका गुच्छात साधारण चाळीस तंतू असतात. मुलीच्या घशात एक सापडला. तुम्ही त्या दिवशीच्या सगळ्या बाटल्या परत मागवून चाळल्या. किती सापडले?”

त्यांनी अहवालाचे पान उलटले. “अन्य तंतू आढळले नाहीत.”

“मग एकोणचाळीस कुठे गेले?”

मी भिंग भोकावर धरले. गुच्छ तळाशी बारीक तारेच्या पिनेने पकडलेला असतो. झिजून निखळला तर पिन बहुधा आत राहते. इथे पिन नव्हती आणि भोकाच्या कडेला, दोन्ही बाजूंनी, समांतर बारीक दातांचे ठसे होते. हा गुच्छ पडलेला नव्हता. उपटलेला होता.

“तुमच्या कारखान्यात पकड कोण वापरतं?”

संचालकांचा चहा थंड झाला होता. “फिटर,” ते म्हणाले. “पण तो तिचा शेजारी आहे. तो तिला कशाला अडकवेल?”

अडीच वाजले होते.

६

फिटरच्या खोलीतही तशीच भिंत होती: आकृत्या, खिळे, हत्यारे. एका खिळ्यावर मात्र हत्याराऐवजी एका कामगाराचे ओळखपत्र टांगलेले.

“हे काय?”

“ज्यानं पाना नेलाय त्याचं कार्ड,” फिटर म्हणाला. हात तेलकट, जबडा आवळलेला. “खिळा मोकळा सोडायचा नाही. हत्यार न्या, कार्ड ठेवा. साहेबांचाच नियम. आणि सरळ विचारा ना, मावशीच्या ब्रशाला मी हात लावला का? सकाळपासून सगळे माझ्याकडे तसे बघतायत.”

“लावला का?”

“तिच्या हातची चहा-भाकर खाऊन वाढलोय मी. लावला असता तर बोटं कापून दिली असती तुम्हाला.”

“बोटं नकोत. लांब चोचीची पकड दाखवा. अलीकडे कुणी नेली होती का?”

तो थबकला. मग त्याने भिंतीवरून नोज प्लायर उतरवून माझ्या हातात दिली, आणि आवाज खाली आणला.

“मंगळवारी संध्याकाळी. चष्म्याचा स्क्रू घट्ट करायचाय म्हणाले. मी म्हटलं, चष्म्याला ही कशाला, बारीक पेचकस देतो. नको म्हणाले, हीच दे. मी म्हटलं, मग कार्ड ठेवा. हसले. म्हणाले, शाब्बास, माझे नियम मलाच शिकवतोस. आणि ठेवलं. तासभर होतं इथं टांगलेलं.”

“कुणाचं कार्ड?”

“चष्मा कुणाला आहे बाई, या कारखान्यात? म्हणजे सोन्याच्या काडीचा?”

मी पकडीचे जबडे भिंगाखाली धरले. दातांच्या खाचेत एक निळा तुकडा अडकला होता, जेमतेम तीन मिलिमीटरचा.

तरीही अर्धाच उलगडा झाला होता. गुच्छ साहेबांनी उपटला हे खरे. पण मुलीच्या घशातला तंतू त्यांनी घातलेला नव्हता. तो त्यांनी गुच्छ उपटण्याच्या आधीच, बाटलीतून गेला होता. कशातून?

मी पुन्हा बायकांच्या खोलीत गेले. पाळी सुटायला तासभर होता आणि खोलीत एकटी सून होती. ती मावशीची पिशवी आवरत होती. मी पिशवीच्या ओल्या तळाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“तुम्ही दाखवा,” मी म्हटले. “मी उघडणार नाही.”

ती रडली नाही. तिने डबा बाहेर काढला, त्याखालचा प्लास्टिकचा कागद काढला, आणि त्याखालून एक ब्रश. निळा. कोपऱ्यावरच्या दुकानात कपडे धुण्यासाठी मिळतो तसला.

“सगळ्यांच्या पिशवीत आहे,” ती म्हणाली. “आईंचं नाव पेटीत लागलं त्या आठवड्यापासून. भिंतीवरचा झिजला तर मागावा लागेल. मागितला तर नाव लागेल. म्हणून भिंतीवरच्याला हातच लावायचा नाही. आपल्या पदरचा आणायचा. साहेब एक वाजता येतात, तेव्हा पिशवीत लपवायचा. साहेब भिंत बघतात. टाकी नाही बघत.”

“हा झिजला की?”

“दुसरा आणायचा. पण रोज कोण जातंय दुकानात? चालतंय तोवर चालवायचा.” तिने ब्रशाकडे पाहिले. “माझंही लेकरू तोच गर खातं, बाई.”

मी त्या ब्रशाचे दोन तंतू कापून घेतले.

७

चार वाजायला दहा मिनिटे असताना संचालकांच्या टेबलावर मी पाण्याचे चार पेले मांडले. प्रत्येकात साबणाचा एक थेंब टाकला, म्हणजे जड तंतू नुसत्या पृष्ठताणावर तरंगून कुणाला फसवणार नाही. संचालक, साहेब, फिटर, भांडारी आणि मावशी समोर होते. सून दाराशी.

“हे काय, जादूचे प्रयोग?” साहेब म्हणाले.

“घनतेचे. शाळेत असतात.”

पहिल्या पेल्यात मी चौदा नंबरच्या ब्रशाचा तंतू टाकला आणि चिमट्याने पाण्याखाली दाबून सोडला. तो तळाशी गेला.

“पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असते. भिंतीवरचे सोळा आणि भांडारातले चाळीस, सगळे याच जातीचे.”

मग कुपी उघडली. मुलीच्या घशातला तंतू दुसऱ्या पेल्यात बुडवला आणि सोडला. तो वर आला. मी पुन्हा बुडवला. तो पुन्हा वर आला.

“हा पॉलिप्रॉपिलीनचा आहे, पाण्याहून हलका. हा तंतू चौदा नंबरचा नाही. या कारखान्यानं विकत घेतलेल्या कुठल्याच ब्रशाचा नाही. ज्यानं पुरावा तयार केला त्याच्याकडे फक्त फोटो होता. फोटोत रंग दिसतो, लांबी दिसते. वजन दिसत नाही.”

“पुरावा तयार केला?” संचालक म्हणाले.

तिसऱ्या पेल्यात पकडीच्या दातांतला तुकडा टाकला. तो बुडाला. तो कुठून आला, पकड मंगळवारी कुणी नेली आणि तिच्या खिळ्यावर कुणाचे कार्ड टांगले होते, हे मी सांगितले. फिटरने मान हलवली.

साहेबांनी तिसरा पेला बोटाने दूर सारला. मग अत्यंत शांतपणे म्हणाले, “समजा मी केलं. पण कारण समजून घ्या. गर त्याच बायकांनी दूषित केला, हे तर खरंच आहे ना? कुणीतरी जबाबदार हवं. मी फक्त प्रक्रिया सोपी केली.”

इतक्या वर्षांत मी पुष्कळ घाण पाहिली आहे. सांधेजोडात सडलेला गर, झडपेत पिढ्यान्पिढ्या वाढलेली बुरशी. ती निदान स्वतःला प्रक्रिया म्हणवत नाही.

“आणि मावशींचीच निवड का?” मी विचारले.

उत्तर मावशीने दिले.

“माझं नाव आधीच होतं ना पेटीत. नवं लिहायला नको.”

संचालकांनी कपाळ पुसले. “पण मग चौथा पेला?”

“तो आमचा आहे,” मावशी म्हणाली. तिने मागे वळून सुनेला खूण केली. दार उघडले आणि बायका आत आल्या. सगळ्या सोळा मावल्या नाहीत, काही दारातच उभ्या राहिल्या. पदराखालून, पिशवीतून, एप्रनच्या खिशातून ब्रश निघाले आणि टेबलावर पडत गेले. एकाच दुकानातले, एकाच निळ्या रंगाचे, पिंजारलेले, बोडके. पुढ्यातला चहाचा कप कुणीतरी बाजूला सरकवला.

सुनेच्या हातून घेतलेला तंतू मी चौथ्या पेल्यात सोडला. तो तरंगला.

“यातला नेमका कुणाचा?” संचालक म्हणाले. “तेवढं नाव द्या. अहवालाला नाव लागतं.”

“माझाच म्हणा,” मावशी म्हणाली.

“आई, खोटं नका बोलू,” सून म्हणाली. “माझाही असेल.”

“सोळाही ब्रश एका मालाचे आहेत,” मी म्हटले. “नेमका कुणाचा हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते मी लिहीत नाही. तुम्हाला नाव हवंय ना? सूचनेच्या तळाशी आहे. सहीसकट. तेच मी लिहिलंय, आणि प्रत अन्न विभागाकडे गेली आहे. चारची तक्रार जरूर जाऊ द्या. फक्त आरोपीचा रकाना बदला. पुराव्यात ढवळाढवळ हाही गुन्हाच असतो.”

साहेबांनी चष्मा काढला. काडीचा स्क्रू घट्ट होता.

८

कुपी परत करायला मी रुग्णालयात गेले तेव्हा मावशी माझ्याबरोबर आली. मी बोलावले नव्हते.

मुलगी झोपली होती. मावशी दारातच थांबली आणि म्हणाली, “बाई, तो ब्रश आमच्यातला होता. कुणाचा ते ठाऊक नाही. पण आमच्यातला.”

मुलीची आई उठून उभी राहिली. तिने काहीही फेकून मारले असते तरी मी अडवले नसते. मी तिला सगळे सांगितले: पेटी, नाव, भिंत, पिशव्या, पकड. ती ऐकत राहिली, पण तिची नजर मावशीच्या पांढऱ्या बोटांवर होती.

“सोळा जणी होतात,” ती अखेर म्हणाली. “सोळा जणी! एकीलाही तोंड नव्हतं? नाव लागलं असतं, काय मेल्या असतात?”

“नाही मेलो असतो,” मावशी म्हणाली.

“तो नियमवाला जाईल तुरुंगात, नाहीतर नाही जाणार. माझी पोर अजून नळीनं पितेय.” तिने माझ्या हातातून कुपी घेतली, क्षणभर धरली, आणि मावशीच्या तळहातावर ठेवून तिची बोटे जोराने मिटवली. “ही तुम्ही ठेवा. मागायची लाज वाटली की बघा.”

मावशीने मान डोलावली. परतीच्या रस्त्यात तिने कुपी कनवटीला खोचली.

दोन महिन्यांनी मी फेरतपासणीला गेले. काचेची पेटी भिंतीवरून निघाली होती. तिच्या जागी चौकोनी, जरा उजळ डाग होता. साहेबांची खुर्ची रिकामी होती. फळ्यावरचे ब्रश ओले होते, आणि त्यांतले काही वाकायला लागले होते. मला ते पाहून बरे वाटले.

तळघरात भांडाराच्या खिडकीशी मावशी उभी होती. मागे सून, तिच्यामागे आणखी चार. मावशीच्या हातात चौदा नंबर होता, पुराव्यात गेलेल्याच्या जागी मिळालेला. त्याचे तंतू दोन्ही बाजूंना आडवे झाले होते.

“मावशी, जुना इकडे द्या,” भांडारी म्हणाला. त्याची करवत चकचकीत होती. दांडा कापून त्याने तुकडे डब्यात टाकले, पाकीट फोडले आणि सवयीने नोंदवही ओढली. नोंदवही जुनीच होती. रकाने बदलायचे राहून गेले होते. पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर थांबली.

“कारण काय लिहू?”

मावशीने कनवटीची कुपी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. मागच्या बायका पुढे सरकल्या.

“लिही,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “झिजला.”